अहवाल लिहिण्याआधी वाचक ओळखा

आंबेडकरी चळवळीत बोलणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. आता लिहिणाऱ्यांचीही राहिलेली नाही. लिंबागणेशसारख्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून बी.ए., एम.एस.डब्ल्यू., एलएल.बी. झालेली मुलेमुली पुढे आली आहेत. ती निवेदने लिहितात, सर्वेक्षणे करतात, सत्यशोधन अहवाल तयार करतात, रात्रीतून मोबाइलवर टाइप करून सकाळी पीडीएफ पाठवतात. तरीही त्यातल्या बहुतेक कागदांचे नशीब एकच असते. पोच मिळते, शिक्का बसतो आणि कागद दप्तरी दाखल होतो.

असे का होते, याचे पहिले उत्तर सगळ्यांना पाठ आहे. खुर्चीत माणूस बसलेला असतो आणि माणसात जात बसलेली असते. हे उत्तर खरे आहे आणि आम्ही ते सोडणार नाही. पण ते पुरेसे नाही. जातीयवादी अधिकाऱ्यालाही कागद दडपायला काहीतरी कारण लागते. "माहिती अपुरी", "विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही", "पुरावे जोडलेले नाहीत", "आरोप मोघम स्वरूपाचे" असा शेरा मारल्याशिवाय त्याला फाइल बंद करता येत नाही. तो शेरा मारायची सोय बऱ्याचदा अहवालानेच करून ठेवलेली असते.

चळवळीतला नेहमीचा अहवाल कसा असतो ते आठवून बघा. पहिल्या पानावर मनुस्मृती, दुसऱ्या पानावर पेशवाई, तिसऱ्या पानावर संविधानाची प्रास्ताविका. चौथ्या पानाच्या मध्यावर घटनेची तारीख येते, तीही "गेल्या महिन्यात" अशी. शेवटी मागण्या असतात: दोषींना फाशी द्या, अधिकाऱ्यांना बडतर्फ करा, पीडितांना न्याय द्या. यातला शब्दन् शब्द मनापासून लिहिलेला असतो. पण हा कागद ठाणेदारासाठी आहे, तहसीलदारासाठी आहे, आयोगासाठी आहे की आपल्याच व्हाट्सअॅप ग्रुपसाठी, हे लिहिणाऱ्याने ठरवलेले नसते. जो कागद सगळ्यांसाठी असतो, तो कुणाच्याच अंगावर येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की अहवालाचे पहिले काम लिहिणे नसून वाचक ओळखणे आहे. वाचक ओळखायचा म्हणजे त्याच्यापुढे वाकायचे असे नाही. त्याच्या पळवाटा आधी मोजायच्या आणि एकेक करून बंद करायच्या, एवढाच त्याचा अर्थ.

बाबासाहेबांचे कागद काय शिकवतात

"वाचक बघून लिहायचे म्हणजे लाचारी झाली, आम्ही सत्य लिहितो, ज्याला पटेल त्याने घ्यावे," असे काही तरुण मित्र म्हणतात. ऐकायला हे बाणेदार वाटते. पण ज्यांच्या नावाने आपण बाणा सांगतो, त्यांनी असे कधी केले नाही.

२७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. प्रश्न मताधिकाराचा आणि प्रतिनिधित्वाचा होता. वाचणारे होते ब्रिटिश मुत्सद्दी आणि त्यांच्यासोबत बसलेले उच्चवर्णीय हिंदी सभासद. तिथला लेखी मजकूर इंग्रजीत आहे, आकड्यांचा आहे, राज्यशास्त्राच्या युक्तिवादाचा आहे. त्यानंतर वर्षभराने, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. हक्काचा आणि प्रतिनिधित्वाचाच प्रश्न तिथेही होता. पण वाचक बदलला होता. तो मराठी जाणणारा अस्पृश्य समाज होता, आणि वाचता न येणारे भाऊबंद दुसऱ्याकडून वाचून घेत होते. म्हणून भाषा बदलली, दाखले बदलले, सूर बदलला. माणूस मात्र बदलला नाही, मागणीही बदलली नाही.

याहून मोठा धडा पहिल्या गोलमेज परिषदेतला आहे. १९३० साली बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक उपसमितीपुढे अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना मांडली. ती नीट वाचली पाहिजे. समान नागरिकत्वाची मागणी करताना त्यांनी अमेरिकेच्या घटनेतली चौदावी दुरुस्ती आणि तिथले १८६६ व १८७५ चे नागरी हक्क कायदे पुढे ठेवले. आयर्लंडसाठी ब्रिटिश संसदेनेच १९२० मध्ये केलेला कायदा दाखवला. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा म्हणताना त्यासाठीची कलमे ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून जरूर तो फेरबदल करून उचलली. आणि गावात बहिष्काराचे हत्यार कसे चालते हे सांगताना मुंबई सरकारनेच १९२८ साली नेमलेल्या समितीचे निष्कर्ष उद्धृत केले. त्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब स्वतः सभासद होते.

यात वाचकाचा केवढा अभ्यास आहे ते बघा. समोर बसलेला इंग्रज काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होते. तो म्हणणार, "अशी तरतूद कायद्यात बसत नाही." म्हणून त्याच्याच साम्राज्यातला कायदा त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणणार, "परिस्थिती एवढी वाईट आहे याला पुरावा काय?" म्हणून त्याच्याच सरकारच्या समितीचा अहवाल ठेवला. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

मार्च १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार झाले, तेव्हाही हेच दिसते. वाचणारे लोक संविधान लिहायला बसलेले होते. म्हणून निवेदनाचा घाटच कलमांचा ठेवला, आणि कलमांना स्पष्टीकरणे जोडली. ज्याला कलम लिहायचे आहे, त्याच्या हातात तयार कलम दिले. "आमच्यावर अन्याय झाला" एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. "हे कलम घाला" असे म्हणाले.

लिंबागणेशहून निघालेल्या कागदाची वाट

आता आपल्या गावाकडे येऊ. लिंबागणेश बीड तालुक्यात आहे. इथून निघालेला कागद नेकनूरच्या पोलीस ठाण्यात जाऊ शकतो, बीडच्या तहसीलमध्ये जाऊ शकतो, जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जाऊ शकतो. तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडे किंवा खंडपीठात, मुंबईला मंत्रालयात, दिल्लीला राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगात. या प्रत्येक ठिकाणी बसलेल्या माणसाच्या हातात वेगळा अधिकार आहे. ठाणेदार जमीन नावावर करू शकत नाही. तहसीलदार गुन्हा नोंदवू शकत नाही. आयोग अहवाल मागवू शकतो, साक्षीला बोलावू शकतो, पण शिक्षा देऊ शकत नाही. ज्याच्या हातात जे नाही, ते त्याच्याकडे मागणारा कागद म्हणजे त्याला दिलेली सुट्टीच.

लिहायला बसण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कोऱ्या कागदावर लिहून काढावीत. एक, हा कागद नेमका कोण वाचणार आणि त्याच्या हातात काय आहे? दोन, त्याला या विषयातले आधीच काय माहीत आहे आणि काय माहीत नाही? तीन, काहीच न करण्यासाठी तो कोणते कारण देईल? चार, त्याने काही केले नाही तर त्याच्यावरचा वाचक कोण, आणि हाच कागद तिथे पुरावा म्हणून उभा राहील का? पहिल्या तीन प्रश्नांनी अहवाल टोकदार होतो. चौथ्या प्रश्नाने तो टिकतो.

पोलीस आणि न्यायालय

समजा वस्तीवर हल्ला झाला, जातिवाचक शिवीगाळ झाली. सत्यशोधनाला गेलेले पथक बहुधा लिहिते, "सवर्ण गुंडांनी जातीयवादी मानसिकतेतून अमानुष हल्ला केला." हे वाक्य खरे असेल, पण तपास अधिकाऱ्याच्या कामाचे नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ त्याच्याकडून वेगळ्या गोष्टी मागतो. जातिवाचक अपमानाच्या कलमाला, म्हणजे ३(१)(आर) आणि (एस) ला, घटना लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडलेली असावी लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागू होत नाही असे म्हटले. म्हणजे अहवालात "अमानुष" या शब्दापेक्षा "पाराजवळच्या पाणवठ्यावर, सकाळी साडेआठच्या सुमारास, पाणी भरायला आलेल्या सहा बायांच्या देखत" हे शब्द जास्त वजनाचे आहेत. आणि कोणती शिवी दिली तेही जसेच्या तसे लिहावे लागते. "जातिवाचक शिव्या दिल्या" असे सभ्यपणे लिहिले की आरोपीच्या वकिलाचे निम्मे काम झाले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही तो लावला नाही. बदल्याच्या भावनेतून झालेले कृत्य असे त्याला म्हटले गेले. अख्खा महाराष्ट्र ज्याला जातीय हत्याकांड म्हणत होता, त्यातली जात निकालाच्या कागदावर उतरली नाही. जे रस्त्यावर सिद्ध असते ते न्यायालयात वेगळे सिद्ध करावे लागते. आणि त्याची सुरुवात पहिल्या दिवसाच्या कागदापासून होते, फिर्यादीपासून, पंचनाम्यापासून, पहिल्या जबाबापासून.

२६ जानेवारी २०१६ पासून कायदा सुधारला आहे. गंभीर गुन्ह्यांच्या ३(२)(व्ही) कलमात आधी "जातीच्या कारणावरून" गुन्हा केला हे दाखवावे लागे. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत होते एवढे पुरेसे आहे. शिवाय कलम ८(सी) म्हणते की आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला वैयक्तिक ओळखत असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत त्याला जात माहीत होती असेच न्यायालयाने धरायचे आहे. गावात कोण कुणाला ओळखत नाही? पण ती ओळख अहवालात लिहिलेली लागते. "आरोपीच्या शेतात फिर्यादी आठ वर्षे सालगडी होता" हे एक वाक्य "मनुवादी प्रवृत्ती" या शब्दावर लिहिलेल्या तीन पानांपेक्षा भारी ठरते.

तपास अधिकाऱ्याला काय करायचे आहे, हेही त्याच्याच नियमांच्या भाषेत सांगावे. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल व्हायला हवे. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८(ए) प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे. "आंदोलन छेडू" ही धमकी अधिकाऱ्याला रोज ऐकू येते. तारखा मोजून मांडलेले कलम ४ त्याला रोज दिसत नाही.

तहसीलदार आणि गायरान

मराठवाड्यात गायरानाचा लढा म्हणजे भाकरीचा लढा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून बीड जिल्ह्यातल्याच एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानापर्यंत या लढ्याने माणसे उभी केली. पण गायरानाच्या फाइलचा वाचक महसूल खात्याचा माणूस आहे, आणि त्याला भाकरी दिसत नाही, नोंद दिसते.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. म्हणजे तहसीलदाराचा प्रश्न एकच आहे: त्या तारखेआधी ही माणसे ही जमीन कसत होती याला काय आधार? गाव नमुना १-ई या अतिक्रमण नोंदवहीत नाव आहे का? दंडाच्या पावत्या आहेत का? जुन्या पीकपाहणीत काही आले आहे का? पंचनामा झाला होता का? ज्या नोटिशीने हाकलायचा प्रयत्न झाला, तीच नोटीस कसत असल्याचा पुरावा ठरते. अहवालात प्रत्येक कुटुंबाची एक ओळ हवी: गट नंबर, क्षेत्र, कोणत्या सालापासून, कोणता कागद, कागद नसल्यास कोण साक्षीदार. अशा चाळीस ओळींचा तक्ता तहसीलदार बाजूला सारू शकत नाही. सारलाच तर तोच तक्ता वरच्या अपिलात जसाच्या तसा जोडता येतो.

तहसीलदार कोणते कारण देणार हेही आधी ओळखावे. आजकाल तो न्यायालयाकडे बोट दाखवतो. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितली, त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी राज्य शासनानेही निर्णय काढला, असे तो सांगेल. ते खरे आहे. पण त्याच निकालात अपवादही लिहिलेला आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेखाली जमीन दिलेली असेल, तर तिथे नियमितीकरणाला वाव ठेवला आहे. निकालाचा पहिला भाग तहसीलदाराच्या फाइलमध्ये असतोच. दुसरा भाग आपल्या अहवालात असला पाहिजे, आणि १९९१ चा निर्णय त्याला जोडून दाखवला पाहिजे. गोलमेज परिषदेतली युक्ती हीच होती, समोरच्याचाच कागद त्याच्यापुढे ठेवण्याची.

एक दुःख, अनेक वाचक

ऊसतोडीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण त्याचा वाचक एक नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३,८६१ बायांची गर्भाशये काढलेली आढळली. आकडा एक आहे, पण तो प्रत्येक वाचकाला वेगळे काम सांगतो.

जिल्हा शल्यचिकित्सकासाठीच्या अहवालात कोणत्या वयात, कोणत्या तक्रारीवरून, कोणती तपासणी करून किंवा न करताच शस्त्रक्रिया झाली ते हवे, सोबत दवाखान्याची कागदपत्रे हवीत. साखर आयुक्तालयासाठीच्या अहवालात मुकादमाची उचल, कोयत्याचा दर, पाळीच्या दिवसांतला खाडा आणि त्याची कापून घेतलेली रक्कम, फडावर पाणी आणि आडोसा आहे की नाही, हे हवे. आमदारासाठी दोन पाने पुरतात, पण त्यात त्याच्या मतदारसंघातली गावे आणि सभागृहात विचारता येईल असा नेमका प्रश्न हवा. आणि वस्तीतल्या बायांसाठी लिहायचे तर पहिली ओळ अशी हवी: अंगावरून पाणी जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे, कुणी घाबरवले तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी याच प्रश्नावर मोठा वृत्तांत छापला. त्यांनी धागा दुसऱ्या टोकाने उचलला. ही साखर कुठल्या शीतपेयांच्या कंपन्यांपर्यंत पोहोचते, हे त्यांनी दाखवले आणि कोका-कोला, पेप्सिको ही नावे घेतली. कारण त्यांच्या वाचकाला मुकादम माहीत नाही, पण हातातली बाटली माहीत आहे. बीडच्या बाईचे दुःख तेच होते, वाचक ओळखल्यामुळे ते सातासमुद्रापार अडचणीचे झाले. हे परदेशी वर्तमानपत्रानेच करावे असे कुठे लिहिले आहे? तिथल्या बायांची भाषा आपली आहे, फड आपला आहे. मांडणीही आपल्याला जमली पाहिजे.

काय बदलायचे नाही

आता सावधगिरीची गोष्ट. वाचक बघून भाषा बदलते, क्रम बदलतो, लांबी बदलते, पुरावे निवडले जातात. तथ्य बदलत नाही आणि जात गाळली जात नाही.

सरकारी भाषेत एक लाडका शब्दप्रयोग आहे, "दोन गटांत वाद". वस्तीवर चालून आलेले पन्नास आणि दारामागे लपलेले पाच, हे या भाषेत दोन गट होतात. संस्थांमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींवर याहून गोड भाषेचा दाब असतो. निधी देणाऱ्याला "जात" हा शब्द टोचतो, म्हणून अहवालात "वंचित घटक" येतो. "हक्कदार" जाऊन "लाभार्थी" येतो. "गावाने पाणी तोडले" याचे "पाण्याची उपलब्धता कमी" होते. याला वाचक ओळखणे म्हणत नाहीत, याला सत्य विकणे म्हणतात. निधी देणाऱ्याला आकडे हवेत, परिणाम हवेत, खर्चाचा हिशेब हवा, तो चोख द्यावा. पण पाणी का नाही याचे खरे कारण त्याच अहवालात, त्याच आकड्यांच्या शेजारी, साध्या वाक्यात लिहावे.

सीमा कुठे आखायची हे १९३६ ने दाखवले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. वाचक आणि श्रोते सवर्ण सुधारक होते, म्हणून बाबासाहेबांनी त्यांच्याच शास्त्रांचा आणि त्यांच्याच सुधारणेच्या दाव्याचा मुद्देसूद पंचनामा केला. इथवर वाचकाचा विचार होता. पण मंडळ जेव्हा मजकूर सौम्य करा म्हणू लागले, तेव्हा त्यांनी नकार दिला. परिषद झाली नाही, भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. वाचकाला समजेल असे लिहिणे आणि वाचकाला रुचेल असे लिहिणे यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दाखवता येणार नाही.

न बोलावलेला वाचक आणि पहिला वाचक

कागद ज्याच्यासाठी लिहिला तो एकटाच वाचत नाही. ठाण्यातून त्याची प्रत आरोपीच्या वकिलाकडे जाते, ग्रामपंचायतीतून सरपंचाच्या माणसांकडे जाते, ग्रुपवर टाकला तर तासाभरात अख्ख्या तालुक्यात जातो. साक्षीदाराचे नाव, त्याचे शेत, त्याची मजुरी कुणाकडे, हे सगळे उघड लिहिलेल्या अहवालाने साक्षीदार फुटतो किंवा उपाशी मरतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा तर गुन्हाच आहे. म्हणून नावे असलेले जोडपत्र वेगळे ठेवावे, ते फक्त तपास यंत्रणेला आणि न्यायालयाला द्यावे. बाकीच्यांसाठी नावांच्या जागी क्रमांक वापरावेत. न बोलावलेला वाचक कायम दारात उभा आहे असे धरूनच लिहावे.

आणि शेवटचा मुद्दा, जो आमच्या मते सगळ्यांत आधीचा आहे. जिच्यावर अन्याय झाला ती बाई आपल्या अहवालाची पहिली वाचक आहे. तिला वाचता येत नसेल तर ती पहिली श्रोता आहे. कायद्यानेही हे मान्य केले आहे. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी फिर्यादीला वाचून दाखवणे हे पोलिसांचे कर्तव्य म्हणून कलम ४ मध्येच लिहिलेले आहे. जे आपण पोलिसांकडून मागतो ते आपणही करायला नको का? वस्तीत बसून, तिच्या बोलीत, संपूर्ण अहवाल मोठ्याने वाचून दाखवावा. "असं नव्हं, आधी त्यानं हंडा फेकला, मग शिवी दिली," असे ती म्हणाली तर तिथल्या तिथे दुरुस्त करावे. ही दुरुस्ती उलटतपासणीत उपयोगी पडते, हा झाला व्यवहार. पण त्याच्या पलीकडे एक तत्त्व आहे. शेकडो वर्षे आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले आणि आपल्याला वाचू दिले नाही. तेच आपण आपल्या माणसांशी करू लागलो, तर 'मूकनायक' निघाला कशासाठी?

तेव्हा तरुण मित्रांनो आणि मैत्रिणींनो, पुढच्या वेळी वस्तीवरून फोन आला की लगेच टाइप करायला बसू नका. संताप राहू द्या, तो कामाचा आहे, रात्रभर जागायला आणि दहा घरे फिरायला तोच लागतो. पण लिहिताना वाचक कोण, त्याच्या हातात काय, त्याची पळवाट कोणती, त्याच्यावर कोण, ही चार उत्तरे समोर ठेवा. ठाण्यासाठी वेगळा कागद, तहसीलसाठी वेगळा, आयोगासाठी वेगळा, वस्तीसाठी वेगळा. काम चौपट वाढेल. पण दप्तरी दाखल होणाऱ्या दहा अहवालांपेक्षा, अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल असा एक अहवाल आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

जय भीम!